पोहोच रस्त्याची मीमांसा

रस्तेबांधणीच्या परिभाषेत ‘पोहोच रस्ता’ म्हणजे मुख्य रस्त्यापर्यंत, पुलापर्यंत किंवा गावापर्यंत नेऊन सोडणारा दुय्यम रस्ता होय. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांत हा शब्द नित्य आढळतो, आणि पूल बांधून तयार असूनही पोहोच रस्ता नसल्यामुळे तो वर्षानुवर्षे हवेत उभा राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. सायकलस्वारीच्या शास्त्रात मात्र या संज्ञेची व्याप्ती बरीच मोठी आहे. घराच्या उंबऱ्यापासून, ज्या रस्त्यावर निर्धास्तपणे सायकल चालवता येते त्या रस्त्याच्या आरंभापर्यंतचा सगळा प्रदेश, त्यातील खड्डे, कुत्री, चौक, ट्रक आणि ओळखीची माणसे यांच्यासह, पोहोच रस्त्यात मोडतो. सोलापुरात या दोन रस्त्यांचे परस्परप्रमाण असे आहे, की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती, बहुतेक वेळ आणि सगळी अब्रू पहिल्यावरच खर्ची पडते; दुसऱ्यावर तो पोहोचतो तेव्हा परतायची वेळ झालेली असते.

अभ्यासाच्या सोयीसाठी येथील सायकलस्वारांचे दोन वर्ग करावे लागतात. पहिला गरजू वर्ग : यात यंत्रमागावरचा कामगार, दूधवाला, पेपर टाकणारा पोऱ्या आणि भंगार गोळा करणारा इत्यादी मंडळी येतात. हा वर्ग काळ्या, दणकट सायकलीवर, मागे पोते, पुढे डबा आणि मधल्या दांडीवर नातू घेऊन, भर दुपारी शहराच्या अगदी मध्यातून जातो. ‘सुरक्षित मार्ग’ नावाचे काही असते हे त्याला कोणी सांगितलेले नाही, आणि सांगितले असते तरी तो मार्ग कारखान्याकडे जात नसल्यामुळे त्याच्या उपयोगाचा नव्हता. दुसरा हौशी वर्ग : हा साधारणपणे चाळिशीनंतर, रक्ततपासणीचा अहवाल हाती पडल्यावर, सायकलीकडे वळतो. त्याची सायकल हलकी, गिअरची आणि पहिल्या वर्गाच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतक्या किमतीची असते. तिला मडगार्ड नसते, कॅरिअर नसते आणि स्टँडही नसतो, त्यामुळे एवढे पैसे मोजूनही ती स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही व सदैव कशाला तरी टेकवावी लागते. सुरक्षित मार्गाचा शोध ही सर्वस्वी या दुसऱ्या वर्गाची समस्या असल्याने प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

या समस्येचे मूळ इतिहासात सापडते. जर्मनीत कार्ल फॉन द्राइस याने 1817 साली पायाने जमीन ढकलत चालवायची दुचाकी बनवली. पुढे अवाढव्य पुढच्या चाकाची सायकल आली, जिच्यावरून पडणे म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडण्यासारखे होते. आणि अखेर 1885 च्या सुमारास इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीने फिरणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. या प्रकाराला त्या काळी ‘सेफ्टी’ सायकल म्हणत. तात्पर्य, यंत्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला. रस्त्याचा तेवढा बाकी राहिला. अमेरिकेत 1880 साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने तोही हाती घेतला आणि चांगल्या रस्त्यांसाठी मोठी चळवळ चालवली. रस्ते यथावकाश चांगले झाले, मोटारी आल्या, आणि ज्यांनी रस्ते मागितले त्यांना कडेने जाण्याची सूचना देण्यात आली. मागणी एकाची आणि मंजुरी दुसऱ्याच्या नावावर हा प्रकार केवळ आपल्याकडच्याच कचेऱ्यांत घडतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

भारतातही कागदपत्रांची उणीव नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या, रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने सायकल मार्ग कसे आखावेत याची संहिता 1962 सालीच प्रसिद्ध केली, आणि 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे असे स्पष्ट म्हटले. संहिता अर्थातच सुरक्षित आहे. तिच्यावरून अद्याप कोणीही गेलेले नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात सायकल मार्ग बांधले गेले, तेव्हा त्यांवर सर्वप्रथम दुचाकीवाले, नंतर हातगाडीवाले आणि शेवटी विजेचे खांब आले. सोलापूर 2016 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या पहिल्याच स्मार्ट सिटी यादीत होते, हे येथे अभिमानाने नमूद करून पुढे गेलेले बरे.

हौशी सायकलस्वाराचा पोहोच रस्ता आदल्या रात्रीच सुरू होतो. मोबाइलवरील गटात ‘उद्या पहाटे साडेपाच, शार्प’ असा संदेश येतो, त्याखाली अंगठ्यांची रांग लागते, आणि मग कोणाला तरी आठवते की उद्या पाण्याचा दिवस आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा असा, की सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातील कर्ता पुरुष, त्याचे शिक्षण व पगार काहीही असो, मोटार चालू करण्यासाठी व टाकी भरेपर्यंत जिन्यात उभे राहण्यासाठी घरी लागतो. उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर कापून पाणी शहरात पोहोचते. त्या मानाने सायकलस्वाराला फारच थोडे जायचे असते, पण पाण्याला स्वतंत्र जलवाहिनी आहे. “आमच्याकडं उद्या पाणी हाय बे, परवा ठेवा,” असे एकाने कळवताच दुसऱ्या पेठेतील सदस्य लिहितो, “परवा आमच्याकडं हाय.” सगळ्यांच्या नळांना एकाच दिवशी सुट्टी असेल असा दिवस काढणे हे पंचांगकर्त्यांना साधणारे काम आहे आणि गटातील जो सदस्य ते करतो त्याला लवकरच अध्यक्ष करण्यात येते.

असा मुहूर्त निघाल्यावर पहाटे घराबाहेर पडणाऱ्या मनुष्याला प्रथम समाजाच्या चौकशीला तोंड द्यावे लागते. तरुण मुलगा सायकलवर दिसला तर तो शाळेला निघाला आहे, मजूर दिसला तर कामाला. परंतु ज्याच्या दारात चारचाकी उभी आहे असा पन्नाशीचा गृहस्थ चकचकीत हेल्मेट, गुडघ्यापर्यंतची तंग विजार आणि पाठीवर खिसे असलेला पोपटी सदरा अशा वेशात सायकलवर दिसला, तर त्यामागे काहीतरी घडलेले असले पाहिजे अशी सोलापूरकरांची पक्की खात्री असते. ही खात्री ते करून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. “काय साहेब, गाडी इकली का काय?” असे चहाच्या टपरीवरून विचारले जाते. “शुगर निघाली काय बे?” असे वर्गमित्र विचारतो, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःची किती निघाली ते सांगतो. दारात सडा घालणाऱ्या शेजारच्या काकू काहीच विचारत नाहीत. त्या आत जाऊन काकांना बाहेर घेऊन येतात. काकांचा प्रश्न सर्वांत अवघड असतो : “कुठं चाललाव?” कामगाराला या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येते. हौशी स्वाराला मात्र आपण विजापूर रस्त्याने बाहेर जाऊन, काहीही काम न करता, तिथूनच परत येणार आहोत हे कबूल करावे लागते. “मग जाताव कशाला?” हा काकांचा प्रतिप्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्रांतात जातो व त्यात निदान दहा मिनिटे जातात.

यापुढचा टप्पा प्राणिशास्त्राचा आहे. प्रत्येक गल्लीतील कुत्र्यांची हद्द ठरलेली असते व तिची आखणी महापालिकेच्या प्रभागरचनेपेक्षा अधिक स्थिर असते. ही कुत्री दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकलीकडे मान वर करूनही पाहत नाहीत, कारण तिची सवय आहे. पोपटी सदरा मात्र त्यांना अपमान वाटतो. हद्द संपते तेथे एक टोळी थांबते आणि दुसरी सुरू होते, त्यामुळे पाठलागात खंड पडत नाही. गटातील अनुभवी मंडळी “पेडल मारू नका, खाली उतरा, कुत्रं गप बसतं” असा सल्ला देतात; हा सल्ला बरोबर आहे, परंतु तो पाळला असता पोहोच रस्त्याचा हा भाग पायी काटावा लागतो आणि सायकल सोबत आणण्याचे कारण उरत नाही.

पूर्व भागातून, म्हणजे यंत्रमाग आणि तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या भागातून, विजापूर रस्त्याकडे जाणाऱ्या स्वाराची खरी परीक्षा सात रस्ता येथे होते. नावाप्रमाणे येथे सात रस्ते एकत्र येतात. गणिताच्या दृष्टीने पाहता, सातांपैकी कोणत्याही रस्त्याने आलेले वाहन उरलेल्या सहांपैकी एकावर जाऊ शकते, म्हणजे एकंदर 42 दिशा संभवतात. जो आला त्याच रस्त्याने माघारी वळण्याची मुभा धरल्यास 49. आणि सोलापुरी दुचाकीस्वार दिशा ठरवण्यापूर्वीच चौकात शिरतो व मध्यभागी आल्यावर मोबाइलवर विचारून घेतो हे लक्षात घेता पुढील मोजणी थांबवणे इष्ट ठरते. मोटार वाहन कायदा, 1988, सायकलीला मोटार वाहन मानत नाही, त्यामुळे तिला परवाना लागत नाही, क्रमांक लागत नाही, विमा लागत नाही. याचा व्यावहारिक अर्थ चौकातील सर्व संबंधितांनी असा लावला आहे की ती तेथे नसतेच. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत, त्याचा पत्र्याचा बिल्ला देत, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडले तर शिपाई चाकातली हवा सोडून देई. त्या जाचाला जुनी मंडळी नावे ठेवत; पण कोणी अडवतो, दंड करतो, म्हणजे आपण त्याला निदान दिसतो तरी, हे समाधान त्यात होते.

सात रस्त्यावर हौशी स्वार डावा पाय टेकवून अंतराची वाट पाहत उभा राहतो. एक रिक्षा त्याच्या पुढे येऊन थांबते व रिक्षावाला विचारतो, “सोडू का कुठं? सायकल मागं बांधतो की.” तेवढ्यात एक म्हातारा विणकर, तोंडात विडी आणि कॅरिअरवर सुताचा गठ्ठा, घंटी न वाजवता, वेग न बदलता, ट्रक आणि बस यांच्यामधून जातो आणि पलीकडे निघतो. हा प्रकार हौशी वर्गाला मनापासून आवडत नाही. त्या म्हाताऱ्याला हेल्मेट नाही, त्याची सीट चुकीच्या उंचीवर आहे, त्याचे पेडल टाचेने मारले जाते, आणि त्याला सुरक्षिततेची काडीचीही जाणीव नाही, यावर नाश्त्याच्या वेळी सविस्तर चर्चा होते.

चौक पार पडला की विजापूर रस्ता लागतो आणि संभाजी तलाव, ज्याला जुने लोक अजून कंबर तलाव म्हणतात, दृष्टीस पडतो. येथे पहाटे फिरायला येणारे लोक चौघे-चौघे हातभर अंतर ठेवून, रस्त्याची रुंदी पुरवून, राजकारणावर बोलत चालतात, घंटी वाजवली तर डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे सरकतात, आणि मधला मनुष्य सायकलवाल्याला “फूटपाथवरनं जावा की!” असे सुचवतो. फूटपाथवर त्याची मोटारसायकल लावलेली असते. पुढे सैफुल, त्यापुढे राज्य राखीव पोलीस दलाचे केंद्र असलेले सोरेगाव, आणि मग महामार्ग. महामार्गाला काही ठिकाणी ‘सेवा रस्ता’ असतो. स्थानिक वाहनांनी मुख्य रस्त्यावर येऊ नये म्हणून बाजूने काढलेल्या रस्त्याला हे नाव आहे, आणि प्रत्यक्षात तेथे ट्रक झोपतात व उलट्या दिशेने येणारी वाहने सुलट्या दिशेने येणाऱ्यांना शिव्या देतात. केगाव-हत्तूर बाह्यवळण रस्त्यासारखे रुंद, गुळगुळीत रस्ते पाहून स्वाराला क्षणभर मोह होतो, परंतु ते जड वाहनांसाठी आहेत आणि जड वाहनांना ते ठाऊक आहे. जाणकारांच्या मते जगातील सर्वांत सुरक्षित सायकल मार्ग म्हणजे पूर्ण झालेला पण उद्घाटन न झालेला रस्ता होय. मंत्रिमहोदयांची तारीख मिळेपर्यंतचा काळ हा त्याचा सुवर्णकाळ असतो, आणि लोकप्रतिनिधींच्या दिरंगाईबद्दल कृतज्ञ असलेला नागरिकांचा एकमेव वर्ग म्हणून सायकलस्वारांचा उल्लेख करावा लागेल.

महामार्ग सोडून एखाद्या खेड्याच्या रस्त्याला लागले की सुरक्षित मार्ग सुरू झाला असे मानण्यास हरकत नाही, मात्र ऋतू अनुकूल हवा. उन्हाळ्यात येथील पारा चाळिशीच्या वर जातो आणि आठ वाजता डांबर टायरला ओढू लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात असा बसतो की सायकल उचलून न्यावी लागते. उरला हिवाळा, पण साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर असलेल्या या जिल्ह्यात हिवाळा म्हणजेच गाळप हंगाम, आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नसलेले व पुढे मोठ्याने गाणी लावलेले, याच रस्त्यांनी कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीतून लोंबणारा ऊस ओढून खाणे हा गरजू वर्गातील मुलांचा परंपरागत हक्क आहे. हौशी वर्ग त्याच उसाच्या टोकापासून डोळे वाचवत रस्त्याच्या कडेला उतरतो, आणि कडेला सराटे असतात. सराटा ही जमिनीलगत पसरणारी काटेरी वनस्पती असून तिच्या फळाचा एक काटा नेहमी वर असतो. परदेशी बनावटीच्या टायरविषयी तिला विशेष ममत्व आहे. पंक्चरचे दुकान गावात असते, पण ते नऊला उघडते, आणि उघडल्यावर दुकानदार चाकाकडे पाहून म्हणतो, “ह्याची ट्यूब आपल्याकडं नसती. सोलापूरला मिळंल.”

या सर्व अडचणींवर हौशी वर्गाने शोधलेला तोडगा त्याच्या बुद्धिमत्तेची साक्ष देतो. मोटारीच्या मागे किंवा टपावर बसवायची एक लोखंडी चौकट मिळते. तीवर सायकल बांधायची, मोटारीने शहर ओलांडायचे, सुरक्षित मार्गाच्या तोंडाशी मोटार लावायची, सायकल उतरवायची, चालवायची, पुन्हा बांधायची आणि मोटारीने घरी यायचे. बांधणे व सोडणे यांत चालवण्याइतकाच वेळ जातो, परंतु घाम दोन्हींत येत असल्यामुळे व्यायामात तोटा होत नाही. जाताना वाटेत ज्या सायकली आडव्या येतात त्यांच्यावर याच मोटारीतून हॉर्न वाजवला जातो, हे वेगळे सांगायला नको. असाच एक गट सायकली उतरवत असताना दुधाच्या किटल्या घेऊन शहराकडे निघालेला एक जण थांबला, बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, “मालक, सायकल बिघडली असंल तर आणायची न्हाई, हितं कुणी दुरुस्त करत न्हाई.” त्याला वस्तुस्थिती समजावून सांगण्यात आली. त्यावर, “म्हंजे तुमी सायकल चालवायला गाडीतनं आलाव,” असे तो म्हणाला आणि त्याने मान डोलावली, कारण गाडीत बसणाऱ्यांविषयी त्याचे मत आधीपासूनच असे होते.

सुरक्षित मार्ग स्वतःहून शहरात येण्याचे प्रसंगही घडतात. 2020 च्या टाळेबंदीत सात रस्त्यापासून सगळेच रस्ते निर्मनुष्य व आदर्श झाले होते, फक्त त्यांवर जाण्यास मनाई होती. आणि त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने शहरांसाठी सायकल स्पर्धा जाहीर केली. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी मोठे रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलींना मोकळे केले जातात. सोलापुरातही रस्ते बंद होतातच, कधी मिरवणुकीसाठी, कधी मांडवासाठी, कधी जानेवारीतील सिद्धेश्वरांच्या गड्ड्यासाठी, म्हणजे यात्रेसाठी. पण ते सगळ्यांनाच बंद होतात. त्यातल्या त्यात 3 जून हा जागतिक सायकल दिन बरा. त्या दिवशी रॅली निघाली तर पुढे पोलिसांची गाडी, मागे रुग्णवाहिका आणि हिरवा झेंडा दाखवणारे मान्यवर अशा बंदोबस्तात सात रस्ता ओलांडता येतो. मान्यवर छायाचित्रापुरते सायकलवर बसतात व पहिल्या चौकानंतर मागून येणाऱ्या आपल्या मोटारीत चढतात, यावरून पोहोच रस्त्याचा त्यांचा अभ्यास इतरांपेक्षा सखोल असावा.

सुरक्षित मार्गाचा सर्वांत विलक्षण गुणधर्म अजून सांगायचा राहिला : तो एका जागी राहत नाही. एखाद्या गटाला एक निवांत, झाडीचा, वर्दळ नसलेला रस्ता सापडतो. गट त्याचे छायाचित्र सर्वत्र पाठवतो. पुढच्या रविवारी इतर गट आपापल्या मोटारींवर सायकली बांधून तेथे येतात व दोन्ही कडांना मोटारी लागतात. मोटारी दिसल्यावर चहाची टपरी येते, टपरीच्या मागोमाग इडली-वडा येतो, इडली-वड्याला गर्दी होते, गर्दी पाहून कोणीतरी ‘एन. ए. प्लॉट विकणे आहे’ असा फलक लावतो, प्लॉट विकले जाऊन मुरूम टाकणारे डंपर फिरू लागतात, आणि मग गटात संदेश येतो की हा रस्ता आता पूर्वीसारखा राहिला नाही, लोकांना काही शिस्तच नाही, तेव्हा थोडे पुढे जाऊ. अशा रीतीने सुरक्षित मार्ग दक्षिणेकडे सरकत आहे. तो मंद्रूपच्या पुढे गेला की भीमा-सीना संगमावरचे हत्तरसंग कुडल जवळ येते, जेथील शके 940 चा शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. आणि त्याच महामार्गाने भीमेचा पूल ओलांडला की पलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक.

या शक्यतेवर एका गटात नाश्त्याच्या वेळी गांभीर्याने विचार झाला. गटातील वकील सदस्यांचे मत पडले, की भीमेपलीकडे गेलेला सुरक्षित मार्ग महाराष्ट्रात परत आणायचा तर तो विषय सीमाप्रश्नाला जोडून घ्यावा लागेल, आणि त्या प्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. “मग तारखेला आपण सगळे सायकलवर जाऊ की दिल्लीला,” असे एकाने सुचवले. “कुठल्या रस्त्यानं?” असे दुसऱ्याने विचारताच तीन वेगवेगळे मार्ग सुचवण्यात आले, तिन्ही असुरक्षित ठरले, आणि आणखी एकेक प्लेट वडा मागवण्यात आला; तेवढ्यात अध्यक्षांनी मोबाइल पाहून जाहीर केले की रविवारी तीन पेठांत पाणी आहे, सबब पुढची राईड शनिवारी होईल, साडेपाच, शार्प, आणि रॅक असलेली मोटार कोण आणणार ते आताच सांगावे.